मतदारयादीतलं नाव
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मतदानाच्या दिवशी सकाळी घाटकोपरमधल्या एखाद्या महापालिका शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहून पाहावं. असल्फ्याच्या टेकडीवरून उतरून आलेली, धुण्याभांड्याच्या कामाला निघालेली बाई आणि बँकेत नोकरी करणारी बाई एकाच रांगेत असतात. दोघींच्या बोटाला तीच शाई लागते आणि दोघींच्या मताची किंमतही एकच. यात आज आपल्याला काही विशेष वाटत नाही. ‘आपल्याकडे बायकांना मताचा हक्क न भांडता मिळाला, घटनेनं दिला,’ असंही आपण सहज म्हणून जातो. पण ते खरं नाही. घटनेच्या आधी तीस वर्षांहून अधिक काळ ही मागणी चालू होती आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता.

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. नव्या सुधारणांत पुरुषांना जो मताधिकार द्याल तो स्त्रियांनाही द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं आणि तिथं या मागणीचा ठराव मंजूर झाला. तरीही साउथबरो समितीनं नकारच दिला. पडद्याची चाल आहे, समाजाची तयारी नाही, ही त्यामागची कारणं.

मुंबईतल्या स्त्रिया स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी १९१९ साली हीराबाई टाटा आणि त्यांची तरुण मुलगी मिठन या मायलेकींना आपल्या वतीनं लंडनला धाडलं. पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली आणि ठिकठिकाणी सभाही घेतल्या. पार्लमेंटनं हक्क दिला नाही, पण दार पुरतं बंदही केलं नाही. निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला गेला. मिठन पुढे तिथेच कायदा शिकल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आता प्रश्न असा होता, की ज्या सभागृहात एकही स्त्री नाही त्या सभागृहाकडून हा हक्क मिळवायचा कसा? तेव्हा सभा, अर्ज, सभासदांच्या गाठीभेटी असं सगळं सुरू झालं. सेवासदनाच्या रमाबाई रानडे उतारवयात या कामाला लागल्या. पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी नुकताच लढा दिला होता. अखेर १९२१ मध्ये आधी मद्रासनं आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यानं स्त्रियांवरची बंदी उठवली.

पण हा विजय अपुरा होता. मत होतं ते मालमत्ता, शेतसारा, कर अशा अटींत बसणाऱ्यांना, आणि घरदार-जमीन नावावर असणाऱ्या बायका त्या काळी होत्या किती? सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार स्त्रियांची संख्या तीन लाखांच्या आसपासच राहिली. गिरणीत राबणारी, शेतात खपणारी बाई बाहेरच होती. पुण्यात १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषद भरली आणि पुढच्या काही वर्षांत स्त्री-संघटना सर्वांना मत द्या, असं म्हणू लागल्या. डॉ. आंबेडकरांनीही १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाचा आग्रह धरला. १९३५ च्या कायद्यानं मतदार स्त्रियांची संख्या साठ लाखांच्या घरात नेली. मात्र त्यातल्या अनेकींना मत मिळालं ते मतदाराची बायको म्हणून. आम्ही नागरिक म्हणून मत मागतो, कुणाची पत्नी म्हणून नव्हे, असं संघटनांनी तेव्हाच बजावलं होतं. ते म्हणणं मान्य झालं ते २६ जानेवारी १९५० ला, घटनेच्या ३२६ व्या कलमानं.

इथेही गोष्ट संपत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांतल्या लाखो बायका आपलं नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच त्या सांगत. अशा नोंदी चालणार नाहीत, असं निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत राहिली नाहीत. आपल्याला हे नवलाचं वाटायला नको. आपल्याकडेही नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि बाईचं स्वतःचं नाव तर लग्नात बदललं जायचं. त्या नावाला पहिल्यांदा सरकारी कागदावर स्वतंत्र जागा मिळाली ती अनेकींच्या बाबतीत मतदारयादीतच.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानाच्या टक्केवारीत स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. हीराबाई आणि रमाबाईंना याचा आनंदच झाला असता. पण आजही लग्नानंतर माहेरच्या यादीतून नाव वगळलं जातं आणि सासरच्या यादीत घालायचं राहून जातं. चाळ पाडून इमारत उभी राहते, पत्ता बदलतो, नाव गळतं. घरातल्या पुरुषाचं नाव आहे ना, मग झालं, असं म्हणून आपण गप्प बसतो. तेव्हा एवढंच सांगणं आहे: नवी यादी लागली, की घरातल्या प्रत्येक बाईनं आपलं नाव आपण शोधावं. ते मिळवायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला आहे.