अ‍ॅक्रनच्या शेगडीवरचे गांडूळ

1949 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन शहरातल्या एका घरी, स्वयंपाकाच्या शेगडीवर गांडुळे तयार होत होती. भांड्यात व्हिनाइलचे दाट, दुधासारखे द्रावण, त्यात तेल आणि रंग, शेजारी खऱ्या गांडुळावरून घेतलेला साचा. शेगडीपाशी निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा. निक पेशाने यंत्रावर काम करणारा कारागीर, नाद मासे धरण्याचा. हाताला खऱ्यासारखे मऊ लागेल, पाण्यात खऱ्यासारखे वळवळेल आणि डब्यात मरणार नाही, असे गांडूळ त्याला हवे होते. आज बास माशाच्या मागे असणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत जी मऊ प्लॅस्टिकची आमिषे दिसतात, त्या सगळ्यांचे कूळ या शेगडीपाशी येऊन पोचते.

गांडूळच का, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ओढ्याकाठी गळ टाकून बसलेला पोरगा असो की कोकणात गरी घेऊन गरवायला निघालेला माणूस, ओल्या मातीत खणून नारळाच्या करवंटीत गांडुळे गोळा करण्यापासूनच त्याचा दिवस सुरू होतो. त्यातली रड सगळीकडे सारखीच. उन्हात गांडूळ सुकते, गळावरून सुटते, आणि चिल्लीपिल्ली मासळी ते कुरतडून नेते. मोठा मासा येईतो गळ उघडा पडलेला असतो.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून लाकडी आमिषे फार आधीपासून होती. मिशिगनमधल्या डोवाजॅक गावी जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले आणि पुढे त्याचा कारखाना उभा राहिला. जॉर्जिया राज्यात 2 जून 1932 रोजी जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड बास धरला, तोही लाकडी आमिषावरच. जागतिक विक्रमाच्या यादीत तो आजही आहे. तेव्हा लाकडाला मासा लागत नव्हता असे मुळीच नाही. खोट होती ती वेगळीच, आणि ती कळायला बास खातो कसा हे पाहावे लागते.

हा बास म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा मासा. समुद्रातल्या बासशी त्याचे नाते नावापुरते, कुळाने तो सनफिशांतला. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. भक्ष्य जवळ आले की तो तोंड एकदम पसरतो, आत पोकळी तयार होते आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. तो चावत नाही, ओढून घेतो. घेतलेली वस्तू टणक, परकी लागली तर तितक्याच झटक्यात बाहेर टाकतो. लाकडी आमिषाला या क्षणाच्या आतच त्याच्या तोंडात रुतावे लागते, म्हणून त्याला तीन-तीन काट्यांचे गळ लावत. वस्तू मऊ लागली तर मात्र बास ती जरा वेळ तोंडात धरून ठेवतो. जास्तीचे ते दोन-चार क्षण हीच मऊ आमिषाची सगळी कमाई. माझ्या मते आकार, रंग, वास या गोष्टी त्यानंतरच्या.

ही मऊपणाची किल्ली अ‍ॅक्रनमध्येच सापडावी हा निव्वळ योगायोग नव्हता. अ‍ॅक्रन म्हणजे अमेरिकेची रबरनगरी. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन या टायर कंपन्या तिथल्याच. गुडरिचमधला रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन 1926 मध्ये रबर धातूला चिकटवता येईल असा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने पीव्हीसी, म्हणजे व्हिनाइलचाच एक प्रकार, हाताशी घेतला. तेव्हा पीव्हीसी ठिसूळ आणि जवळजवळ निरुपयोगी मानले जाई. उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रवात ते तापवल्यावर जे हाती आले ते चिकटले नाही, पण दाबले की वाकले आणि सोडले की पूर्ववत झाले. मऊ व्हिनाइल जन्माला आले. त्यातून पुढे रेनकोट निघाले, न्हाणीघराचे पडदे निघाले, विजेच्या तारांची वेष्टणे निघाली. आणि वीसेक वर्षांनी त्याच गावात गांडूळ निघाले.

कृती ऐकायला सोपी आहे. पीव्हीसीची बारीक पूड तेलासारख्या मृदुकारक द्रवात मिसळली की दुधासारखे द्रावण होते. ते साधारण 175 अंश सेल्सियसपर्यंत तापवले की पुडीचे कण द्रव शोषून फुगतात आणि एकमेकांत विरघळतात. साच्यात ओतून निवले की तयार होतो लवचीक, ओलसर वाटणारा गोळा. द्रव जास्त घातला तर गांडूळ लिबलिबीत होते आणि गळावरून फाटते, कमी घातला तर काठीसारखे ताठ राहते. ताप कमी पडला तर दूधच राहते, जास्त झाला तर जळून पिवळे पडते. पाकाच्या तारेवर ज्याची नजर असते त्याला हे लगेच कळेल.

1951 मध्ये क्रीमने ही गांडुळे टपालाने विकायला काढली. नाव ‘विगल वर्म’, म्हणजे वळवळे गांडूळ, किंमत डॉलरला पाच. मागणी इतकी वाढली की 1960 च्या सुमारास टेक्ससमधल्या टायलर गावी दुसरा कारखाना निघाला. टेक्ससला जाण्याने गांडुळाचे नशीब पालटले.

कारण त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत धरणांमागून धरणे बांधली जात होती. टेक्ससमधले सॅम रेबर्न 1965 मध्ये पुरे झाले, टेक्सस आणि लुइझियानाच्या सीमेवरचे टोलेडो बेंड त्याच दशकाच्या अखेरीस. यांतल्या बऱ्याच जलाशयांत जंगल न तोडताच पाणी भरले गेले. पाण्याखाली उभी झाडे, फांद्यांची जाळी, बुंध्यांच्या खाचा हे सगळे बासला आयतेच घर मिळाले. तीन काट्यांचे लाकडी आमिष तिथे टाकणे म्हणजे ते फांदीला दान करणे. मोठे मासे नेमके तिथेच, आणि तिथे गळ टाकायची सोय नाही.

यावर टेक्ससच्या मासेमारांनी जी युक्ती काढली ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. तिला टेक्सस रिग म्हणतात. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते शिसे ओवायचे, मग गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने काढायचे, गळ फिरवून त्याची मान डोक्यात बसवायची आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचे. आता बाहेर अणकुचीदार असे काहीच उरत नाही. शिसे फांदीवर चढते, पलीकडे उतरते आणि गांडूळ मागून सरपटत येते. झाडात काही अडकत नाही, मासा मात्र अडकतो, कारण हिसडा बसला की टोक मऊ अंगातून आरपार जबड्यात जाते. म्हणजे ज्या मऊपणाने माशाला फसवले, त्याच मऊपणाने गळ लपवला. लाकडाला हे कधीच जमले नसते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. गांडूळ गळावर सरळ बसले पाहिजे. जरा वाकडे राहिले की ओढताना ते गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासा शहाणा होतो.

आणि मग हात बदलावा लागतो. लाकडी आमिष टाकून ओढत राहिले की त्याचे काम तेच करते. गांडूळ तळाला जाऊ द्यायचे, रॉडचे टोक हळूच उचलायचे, परत पडू द्यायचे आणि थांबायचे. मासा बहुतेक वेळा पडतानाच घेतो. हाताला एखादी टकटक जाणवते, तीही नाही तर दोरी नुसतीच बाजूला सरकताना दिसते. नवख्याला ते कळतच नाही. मऊ आमिषाने मासेमाराला बोटांनी ऐकायला शिकवले, असे मी म्हणेन.

1967 मध्ये रे स्कॉट या विमा विक्रेत्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची पहिली मोठी स्पर्धा भरवली. 106 स्पर्धकांनी प्रत्येकी शंभर डॉलर भरले. पुढच्याच वर्षी त्याची बास संघटना उभी राहिली. 1972 पासून मासे जिवंत परत सोडण्याची चाल स्कॉटनेच या स्पर्धांत आणली. जिंकणाऱ्याने कुठल्या रंगाचे गांडूळ वापरले हे आता देशभर कळू लागले आणि गांडुळांचा बाजार उसळला. अलाबामातल्या युफॉला गावच्या टॉम मानने ‘जेली वर्म’ काढली, फळांच्या रंगांची आणि वासांची. स्ट्रॉबेरीच्या गांडुळावर धरलेला एक बास त्याने हौदात पाळला, त्याचे नाव लिरॉय ब्राउन ठेवले, आणि तो मेल्यावर त्याचा दगडी पुतळा उभारला. माशाला स्ट्रॉबेरीचा वास आवडतो की नाही, कोण सांगणार? पण माणसाच्या हाताचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास त्याने झाकला जातो, हे खरे.

मग आकार सुटले. लुइझियानातल्या मिंडेनच्या ‘मिस्टर ट्विस्टर’ने 1970 च्या दशकात गांडुळाला कोयरीसारखी वळलेली पातळ शेपटी दिली. नुसते ओढले तरी ती फडफडते. ओक्लाहोमाच्या जीन लॅर्यूने प्लॅस्टिकमध्ये मीठ मिसळण्याचे पेटंट घेतले. मीठ रक्तासारखे लागते म्हणून मासा सोडत नाही, हा त्यामागचा विचार. मिठाचा खरा गुण पुढे गॅरी यामामोतो या आमिषकाराच्या हाती उलगडला. त्याच्या ‘सेंको’ या आमिषात मीठ इतके आहे की शिशाशिवायच ते बुडते, आणि बुडताना आडवे राहून दोन्ही टोके हलकेच थरथरवते. दिसायला ती एक जाड कांडी. ना शेपटी, ना पाय, ना डोळे. तरी अलीकडच्या दशकांत तिने जितके बास दिले तितके फार थोड्या आमिषांनी दिले असतील. 1985 ची बासमास्टर क्लासिक ही मानाची स्पर्धा जॅक चॅन्सलरने जिंकली, त्या आमिषाचे नावच ‘डू नथिंग’, काहीच न करणारे. इतक्या वर्षांत नाना सोंगे घेऊन झाल्यावरही गांडूळ पुन्हा पुन्हा मुळाकडे येते ते असे.

खरे तर तळ्यातल्या बासला गांडूळ कितीसे भेटते? पावसाने वाहून आले तर. अमेरिकेत गळाला लावतात ते मोठे गांडूळसुद्धा तिथले नव्हे, ते युरोपातून वसाहतवाल्यांबरोबर आलेले. म्हणून प्लॅस्टिकचे गांडूळ नेमकी कशाची नक्कल करते, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तळाशी हळू सरकणारे, मऊ, बेसावध असे काहीतरी, एवढेच माशाला पुरते.

निवड करताना याच सुताने जावे. पाणी नितळ असेल तर हिरवट, तपकिरी, अर्धपारदर्शक रंग. भोपळ्याच्या आणि कलिंगडाच्या सालीचे रंग दुकानात त्या फळांच्याच नावांनी मिळतात. पाणी गढूळ असेल तर काळे किंवा काळे-निळे, कारण तिथे माशाला रंग नव्हे, सावली दिसते. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा सरळ शेपटीचे, लहान, सावकाश. पाणी तापले की वळलेली शेपटी आणि मोठा आकार. शिसे तळ जाणवेल इतपतच जड हवे. उथळ पाण्यात साडेतीन ग्रॅम पुरतात, खोल पाण्यात किंवा दाट शेवाळात चौदा ग्रॅम लागतात. दुकानाच्या भिंतीवर शेकडो रंग टांगलेले असतात. नवशिक्याने हिरवे आणि काळे एवढी दोनच पाकिटे घ्यावीत आणि उरलेले पैसे चांगल्या गळांवर खर्चावेत.

गांडूळ समुद्रापारही गेले. जपानमध्ये बास 1925 मध्ये हाकोनेजवळच्या अशिनोको तळ्यात आणून सोडला गेला आणि देशभर पसरला. शिसे खाली आणि लहानसे गांडूळ वर, अधांतरी तरंगणारे, ही ड्रॉप शॉटची रीत जपानी मासेमारांनी रुळवली आणि ती अमेरिकेत परत आली. पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बासही 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मिळाला, जिवंत माशाच्या आमिषावर. स्थानिक मासळी फस्त करणारा म्हणून 2005 पासून जपानी कायदा या माशाला उपद्रवी परका मानतो.

आता एक गोष्ट, जी या कुळाच्या अभिमानाबरोबर सांगितलीच पाहिजे. ज्या तेलकट द्रवाने पीव्हीसी मऊ झाले तो द्रव त्यात कायमचा बांधलेला नसतो, तो झिरपत राहतो. सुरुवातीच्या काळात मासेमार सकाळी पेटी उघडत तेव्हा गांडुळांनी पेटीचा तळच विरघळवलेला असे. मग ‘वर्म-प्रूफ’, म्हणजे गांडुळांनी न विरघळणाऱ्या, पेट्या निघाल्या. पेटी वाचली, तळ्याचे काय? फाटलेले गांडूळ गळावरून काढून पाण्यात भिरकावणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ते कुजत नाही, पाण्यात फुगते. मासे ते गिळतात आणि पोट फाडल्यावर ते तसेच सापडते. 2013 मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदीचे विधेयक आले होते. बंदी झाली नाही. पाण्यात विरणारी आमिषे बाजारात आहेत, पीव्हीसी नसलेली चिवट आमिषेही आहेत. तरी जुने मऊ गांडूळच सर्वाधिक विकले जाते, कारण ते स्वस्त आहे आणि मासा ते सोडत नाही.

फाटलेले गांडूळ फेकायचीही गरज नाही. हे प्लॅस्टिक पुन्हा तापवले की पुन्हा वितळते. उघड्या खिडकीपाशी, स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात ते वितळवून साच्यात ओतणारे हौशी मासेमार अमेरिकेत पुष्कळ आहेत. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोणी बासच्या तळ्यावर जात असेल, तर एक विनंती: रॉडबरोबर एक रिकामी पिशवी न्या, आणि फाटलेले प्रत्येक गांडूळ तिच्यात घालून घरी आणा.