बरणीतला उजेड

इंग्रजीतला 'कॅन्डल' आणि आपला 'कंदील' हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. मूळ शब्द लॅटिन 'कँडेला'. त्याची एक शाखा इंग्रजीत गेली, दुसरी अरबीत 'किंदील' झाली आणि फारसीच्या वाटेने मराठीत, उर्दूत आली. हल्ली मुली लोणच्याची रिकामी बरणी धुऊन, तिला लेस चिकटवून आत मेणबत्ती ठेवतात, तेव्हा हे दोन दूरचे भाऊ पुन्हा एका घरात येतात.

दिवा काचेत ठेवण्याची कल्पना फार जुनी. कुरआनच्या सूरह नूरमध्ये कोनाडा, दिवा आणि त्याभोवतीची काच असा दाखला येतो. 13व्या-14व्या शतकांत मामलुक सुलतानांनी कैरोच्या मशिदींसाठी मीनाकारीचे काचदिवे करवून घेतले, त्यांतल्या कित्येकांवर हीच आयत लिहिलेली आहे.

ती सुलतानांची काच. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत काच यायची ती औषधाची नाहीतर शाईची बाटली रिकामी झाली म्हणजे. पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडायचे, जुन्या लुगड्याची चिंधी वळून त्यातून ओवायची, बाटलीत रेशनचे रॉकेल भरायचे, की झाली चिमणी. कंदील विकत मिळत होता. कराडजवळच्या ओगलेवाडीला 1916 साली सुरू झालेल्या ओगल्यांच्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील तर महाराष्ट्रभर प्रसिद्ध होता. पण तो घरात एखादाच असायचा. चुलीपाशी, गोठ्यात, अभ्यासाला चिमणीच. दादी तिला कधी जमिनीवर ठेवू देत नसे, कोनाड्यातच ठेवायला लावी. कारण साधे होते. बाटली उंच, हलकी, बुडाला अरुंद. मांजराचा धक्का लागला तरी कलंडायची, गोल असल्यामुळे घरंगळायची, सैल झाकणातून रॉकेल सांडून भडका उडायचा. भाजायच्या त्या बहुतेक बायका आणि लेकरे.

श्रीलंकेतही घरोघरी असेच बाटलीचे दिवे होते. तिथले शल्यचिकित्सक विजया गोडाकुंबुरा यांनी अशा भाजलेल्या रुग्णांवर उपचार करता करता 1990 नंतरच्या वर्षांत सुरक्षित दिवा तयार केला. त्यांना नमुना मिळाला तो मार्माइट या खाद्यपदार्थाच्या बुटक्या बरणीत. त्यांचा दिवा ठेंगणा, जड काचेचा, दोन बाजूंनी चपटा आणि आट्यांच्या झाकणाचा आहे. पडला तर लोळत नाही, तेल सांडत नाही. या कामाला 1998 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला स्वतःला हा शोध त्या मीनाकारीच्या दिव्यांहून मोठा वाटतो.

मेणबत्तीत रॉकेल नसते हे खरे, पण कलंडणारी बाटली ती कलंडणारीच. शिवाय ज्योत बुडाशी आली की काच एकाच जागी तापून तडकते. म्हणून शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला मी मुलींना तळाशी दोन बोटे वाळू घालायला सांगते आणि उंच, बारीक मानेच्या बाटल्या बाजूला काढते. त्यांना नेमक्या त्याच जास्त आवडतात.