ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक, 2025

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारे केंद्र सरकारचे विधेयक. माहिती-तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी ते 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडले. विरोधकांच्या गदारोळात त्याच दिवशी ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींच्या संमतीने त्याचा कायदा झाला. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे 45 कोटी लोक या खेळांत वर्षाला 20 हजार कोटी रुपयांहून अधिक गमावतात. एवढ्या मोठ्या प्रश्नावरच्या विधेयकाला सभागृहात पुरेशी चर्चा लाभली नाही, ही त्याची पहिली उणीव.

सट्टा व जुगार हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे त्यावर कायदा करणे राज्यांच्या हाती. महाराष्ट्रात आजही 1887 चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. तो अड्डे, पत्ते आणि फासे डोळ्यांपुढे ठेवून केलेला असल्याने मोबाइलपुढे तोकडा पडतो. बंदीला खरी अडचण मात्र न्यायनिर्णयांतून आली. बक्षिसांच्या शब्दकोडी-स्पर्धांवरून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद केला आणि कौशल्याचा खेळ जुगार नव्हे असे ठरवले. साठच्या दशकात रमीला कौशल्याच्या बाजूला बसवले. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन गेमिंग कंपनीच्या क्रिकेट-स्पर्धांनाही तेच लागू केले. तमिळनाडू आणि कर्नाटक यांनी 2021 मध्ये केलेले बंदीचे कायदे याच भेदावर आपटून उच्च न्यायालयांत टिकले नाहीत.

विधेयकाने हा भेदच निकालात काढला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जात असेल तर तो निषिद्ध. विधेयकाचा सर्वांत धाडसी भाग हाच, आणि योग्यही. कारण हरणाऱ्याच्या घरात कर्ज येते ते खेळाचा प्रकार पाहून नव्हे. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि 50 लाखांची मर्यादा आहे. बँका आणि पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांनाही हे व्यवहार करता येत नाहीत. परदेशातून भारतात चालवले जाणारे खेळही कक्षेत येतात, पण तिथल्या चालकाला पकडणे अवघड असल्याने पैशांची वाट बंद करण्यावरच बंदीचे यश अवलंबून आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हा शहाणपणाचा निर्णय. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे करमणुकीचे खेळ यांना उलट प्रोत्साहन आहे.

परिणाम लगेच दिसले. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे तिचे नाव गेले. काही कंपन्यांनी उच्च न्यायालयांत आव्हान दिले. राज्यांचा अधिकार आणि व्यवसायस्वातंत्र्य हे वादाचे मुद्दे आहेत. त्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

व्यसनात अडकलेल्यांच्या उपचारांची आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबांच्या आधाराची तरतूद मात्र या विधेयकात नाही. ती राज्यांनी तातडीने करायला हवी.