खाट कुठे टाकायची

गाडीनं शिवनाथचा पूल नुकताच मागे टाकलाय. दुर्गला उतरा. साल 1936. प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्यामुळे कचेरीत, कोर्टात, शाळेत मराठी सहज कानावर पडतं. काही घरं तर त्याही आधी, भोसल्यांच्या अमलात इकडे आलेली. तुम्हाला अशाच एका कवेलूच्या घरात जायचंय. आडनाव विचारू नका. अशी घरं इथे बरीच आहेत.

ओसरीवर खाट आहे, ती कर्त्या पुरुषाची. त्याच्या म्हाताऱ्या आईची जागा आत, माजघरात, धान्याच्या कोठीला लागून. खाली घोंगडी, वर जुनेर. विधवेनं गादीवर निजायचं नाही. अंगावर आलवण, केस काढलेल्या डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. वय विचारलंत तर साल सांगणार नाही. ‘मोठा दुष्काळ पडला तेव्हा माझ्या पदरात दोन लेकरं होती,’ एवढंच म्हणेल. तो दुष्काळ 1900 चा. हिशेब तुम्हीच करा. ती लग्न होऊन आली तेव्हा इकडे रेल्वे नव्हती. नागपूरहून बैलगाडीनं आली. वाटेतले मुक्काम तिला अजून एकेक करून आठवतात.

तिला बिचारी समजू नका. कोठीची किल्ली तिच्या कमरेला आहे. बाळंतपण अडलं की आधी तिला उठवतात. सून अजून तिच्या धाकात आहे आणि अठरा वर्षांची नातसून तर तिच्यासमोर मानही वर करत नाही. पण कागदावर तिच्या नावानं काय आहे? अन्नवस्त्र. विधवेला नवऱ्याच्या वाट्यात, मर्यादित का होईना, हक्क देणारा कायदा यायला अजून एक वर्ष आहे, आणि 1937 चा तो कायदा आधीच गेलेल्यांच्या बायकांना लागू होणार नाही. म्हणजे किल्ली तिची आणि कोठी मुलाची.

रात्र होऊ द्या. पुरुषांची पंगत उठली, मुलं जेवली, सासू जेवली. नातसून चुलीपाशी एकटी बसून उरलेलं वाढून घेते. भात गार झालाय, भाजी संपलीय. ती भांडी आवरून येते तेव्हा माजघरातल्या अंधारातून हाक येते, ‘ए पोरी, इकडे ये.’ म्हातारी उशाशी हात घालून पुरचुंडी काढते. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. ‘खा. आम्हाला कुणी दिलं नाही.’ पोरगी तिथेच भिंतीला टेकून, चावल्याचा आवाज होऊ न देता, खाते. पुढचं सगळं या पुरचुंडीतून निघतं असं माझं मत आहे, म्हणून तुम्हाला इथे एवढा वेळ थांबवलं.

आता थोडं पूर्वेला सरका आणि अठ्ठावीस वर्षं पुढे या. 1964, भिलाई. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी झालेला करार 1955 चा; पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. शेतं होती तिथे आता सेक्टर आहेत, एकसारखी क्वार्टरं आहेत आणि रात्री प्लांटच्या बाजूचं आभाळ लाल होतं. त्या नातसुनेचा मुलगा प्लांटमध्ये लागलाय. ती दुर्गहून सायकलरिक्षानं, मांडीवर लोणच्याची बरणी धरून, त्याच्याकडे राहायला आलीय. सेहेचाळीस वर्षांची आहे आणि आजी झालीय. लुगडी आता गडद रंगाचीच नेसते. या वयाला तेच शोभतं असं तिलाच वाटतं.

क्वार्टरात ओसरी नाही, माजघर नाही. खाट व्हरांड्यात टाकायची, सकाळी उभी करायची. मुलगा नाइट शिफ्ट करून येतो आणि दिवसा झोपतो. दोन खोल्या. बाळ रडलं तर तो उठणार, आणि न झोपता भट्टीसमोर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आजी बाळाला खांद्यावर टाकून बाहेर पडते. शेजारच्या पायरीवर आंध्रातली अम्मा बसलेली असते, तीही नातवाला घेऊन, याच कारणासाठी. हिला तेलुगू येत नाही, तिला मराठी. दोघींचं तोडकंमोडकं हिंदी मिळून जेमतेम एक वाक्य होतं. पण अम्मा आंब्याचं आवकाय देते, ही तिळाची चटणी देते आणि दुपार जाते. पोलाद कारखान्याच्या इतिहासात टनांचे आकडे मिळतात; नाइट शिफ्टवाल्यांची झोप राखणाऱ्या या बायकांची नोंद मला कुठे दिसली नाही.

एका संध्याकाळी बावीस वर्षांची सून पदराशी चाळा करत उभी राहते. प्लांटच्या शाळेत शिक्षिका घेताहेत. ती मॅट्रिक झालेली आहे, ट्रेनिंगही झालंय. बोलणं अर्ध्यावर सोडून ती गप्प होते. तुम्ही व्हरांड्यात उभे आहात. सासूचं तोंड बघा. ती लगेच हो म्हणत नाही. बाळाची दुपटी घडी करून ठेवते, मग म्हणते, ‘पोराला मी पाहीन. तू जा. आणि आल्यावर आधी जेवत जा, माझ्यासाठी थांबू नको.’

1985 ला फक्त भाद्रपदापुरते थांबा. पोळा झालाय. धुणीभांडी करणारी साठीची बाई रजा मागते: ‘तीजा जाहूं दाई.’ तिचा भाचा सायकल घेऊन फाटकाशी उभा आहे. छत्तीसगढात तीजेला बाईला माहेरी न्यायला माणूस येतो. बाप नसला तर भाऊ, भाऊ नसला तर भाचा. आदल्या रात्री कारल्याची भाजी नि भात, ‘करू भात’, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, माहेरची साडी. केस पांढरे झाले म्हणून माहेर संपत नाही. आपली आजी आता सदुसष्ट वर्षांची आहे. ती फाटकापर्यंत जाते, बाईच्या हातात नवं लुगडं ठेवते आणि सायकल वळेपर्यंत बघत राहते. आपल्याकडेही हरतालिका त्याच दिवशी. पण तिला न्यायला येणारं कुणी उरलेलं नाही, आणि या वयाच्या बाईला माहेर असतं हे घरात कुणाच्या मनातही येत नाही.

त्याच सुमारास जवळच्या गनियारीची तीजनबाई आपल्या आजोबांकडून ऐकलेलं महाभारत देशोदेशी गाऊ लागलीय. आजी तिचं फार कौतुक करते. ‘ऐकलेलं तोंडपाठ ठेवलं पोरीनं,’ म्हणते.

आता आजच्या दिवसात या. हे राज्य 1 नोव्हेंबर 2000 पासून छत्तीसगढ आहे. ती शिक्षिका सून ऐंशी ओलांडून गेलीय, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालीत. क्वार्टर निवृत्तीनंतर लीजवर घेतलेलं. मागे मुनग्याचं झाड आहे, दोन्ही गुडघे दुखतात, मोतीबिंदू काढून झालेत. खांद्यावर फिरवलेलं ते बाळ आता साठीचं होऊन पुण्यात राहतं आणि रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करतं. आज नातूही आहे. ‘आजी, तुझी रूम रेडी आहे. अटॅच्ड बाथरूम, हँडलसुद्धा लावलेत.’ त्यानं मनापासून केलंय; काळजी खरी आहे. ती मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पडली होती, सगळेच घाबरले होते. आईवडिलांना पोसणं मुलांवर बंधनकारक करणारा 2007 चा कायदा या घरात कुणाला दाखवायची गरज नाही.

तिची अडचण निराळी आहे. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात तिची फाइल आहे, डॉक्टरला तिचा गुडघा माहीत आहे. दुपारी शेजारच्या घरातल्या अम्मांची सून येऊन बसते. बँकेत तिचे स्वतःचे पैसे आहेत, शाळेच्या पगारातून साठलेले. ती नोकरी जिच्या जिवावर झाली तिच्या खात्यात कधी एक रुपया नव्हता, हे ती विसरलेली नाही. खोली कुठल्या मजल्यावर, पलंग कुठल्या भिंतीला, हे ठरलं आणि मग तिला कळवलं, हे तिला लागलंय. ती रागावलेली नाही. फोन बरणीला टेकवून ठेवते, चष्मा सारखा करते.

‘थंडीपुरती येते,’ ती म्हणते. ‘दिवाळी झाली की. होळीला परत.’

‘अगं आई, परत कशाला? इथे एकटीनं काय...’

‘एकटीनं नाही. रात्रीला बाई ठेवते, पगार मी देईन. तू माणूस बघून दे. आणि खोलीत पलंग खिडकीपाशी घ्या, भिंतीला नको.’

पलीकडे दोघं एकमेकांकडे बघतात. नातू आधी बोलतो, ‘चालेल आजी. आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट काढू?’

‘काढ. खालचा बर्थ. आणि जायचं-यायचं, दोन्ही.’