तुरटीचे स्फटिक घरच्या घरी

पावसाळ्यात गढूळ पाणी निवळण्यासाठी हंड्यात फिरवला जाणारा तुरटीचा खडा वऱ्हाडातील घराघरांत परिचित आहे. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर गालावर फिरतो तोही हाच. या ओबडधोबड खड्यापासून आठ त्रिकोणी पैलू असलेला, काचेसारखा पारदर्शक स्फटिक घरातच तयार करता येतो. सजावटीसाठी किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग सोपा आणि अत्यल्प खर्चाचा आहे. त्यासाठी पदार्थाची योग्य निवड आणि संयम या दोन गोष्टी मात्र आवश्यक ठरतात.

स्फटिक का वाढतो?

गरम पाण्यात तुरटी अधिक विरघळते, थंड पाण्यात कमी. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला साधारण १२ ते १४ ग्रॅम तुरटी सामावते. ५० अंशांना हेच प्रमाण ३५ ग्रॅमच्या आसपास जाते. द्रावण थंड झाले अथवा त्यातील पाणी उडून गेले की जास्तीची तुरटी घनरूपात बाहेर पडते. ही क्रिया संथ गतीने झाल्यास कण शिस्तीने एकावर एक रचले जाऊन मोजके, मोठे आणि स्वच्छ स्फटिक मिळतात. द्रावण झपाट्याने थंड झाल्यास असंख्य बारीक स्फटिकांचा चुरा हाती येतो.

निसर्गातही हाच नियम चालतो. महाराष्ट्रातील काळ्या बसाल्ट खडकाच्या पोकळ्यांमध्ये खनिजयुक्त उष्ण पाण्यातून झिओलाइट गटातील स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक आणि जळगाव परिसरातील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले असून, सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातील शिबला-पारडी परिसरात दिसणारे बसाल्टचे बहुकोनी खांब मात्र स्फटिक नव्हेत. लाव्हारस थंड होताना आकुंचन पावला आणि त्याला नियमित भेगा पडल्या, त्यातून ते घडले.

कोणता पदार्थ निवडावा?

- तुरटी : नवशिक्यांसाठी सर्वोत्तम. किराणा दुकानातील पारदर्शक खडा घ्यावा. जलशुद्धीकरण केंद्रात वापरतात ती तुरटी बहुधा अॅल्युमिनियम सल्फेट असते. तिच्यापासून अष्टफलक मिळत नाहीत.
- मीठ : तापमान वाढले तरी मिठाची विद्राव्यता फारशी वाढत नाही. त्यामुळे द्रावण थंड करून उपयोग नसतो. पाणी हळूहळू उडू द्यावे लागते. स्फटिक घनाकृती मिळतात.
- साखर : घट्ट पाकात सोडलेल्या दोऱ्यावर आठवडाभरात खडीसाखर धरू लागते. भांडी स्वच्छ असल्यास ती खाताही येते.
- मॅग्नेशियम सल्फेट : कपाशीवरील लाल्यासाठी फवारले जाणारे हे खत कृषी सेवा केंद्रात मिळते. त्याचे दाट, गरम द्रावण थंड केल्यास काही तासांतच सुयांसारखे स्फटिक दिसू लागतात.

कृती

१. काचेच्या भांड्यात २५० मिलिलिटर गरम पाणी घेऊन त्यात सुमारे ६० ग्रॅम तुरटीची पूड पूर्णपणे विरघळवावी. गरम पाण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

२. द्रावण स्वच्छ कापडातून गाळून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाशी लहान स्फटिक जमलेले दिसतात. त्यांतील एक सुबक, अखंड स्फटिक ‘बीज’ म्हणून निवडावा.

३. वरचे स्वच्छ द्रावण दुसऱ्या बरणीत ओतावे. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बीज बांधून ते द्रावणाच्या मध्यभागी राहील असे काडीला टांगावे. द्रावण थोडेही गरम असल्यास बीज विरघळून जाते.

४. बरणीचे तोंड कागदाने झाकून ती धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावी. तळाशी किंवा दोऱ्यावर नवे स्फटिक धरल्यास द्रावण पुन्हा गाळून घ्यावे. काही आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा स्फटिक मिळू शकतो.

विहीर किंवा बोअरचे पाणी जड असल्यास त्यातील क्षारांमुळे स्फटिक धुरकट होतो. त्याऐवजी शुद्धीकरण यंत्रातील अथवा गाळलेले पावसाचे पाणी वापरावे.

हवामानाचे गणित

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या काळात पाणी वेगाने उडून बारीक कण तयार होतात. पावसाळ्यातील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. हिवाळा अनुकूल असला तरी दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते. रात्री वाढलेला स्फटिक दुपारी काही अंशी विरघळतो. म्हणून बरणी खिडकीत न ठेवता आतल्या खोलीत, जाड कापडात गुंडाळून ठेवावी.

सजावटीसाठी झटपट पद्धत

गौरी-गणपतीच्या मखरासाठी किंवा दिवाळीच्या तोरणासाठी आठवडे थांबणे शक्य नसते. अशा वेळी तारेला लोकर गुंडाळून चांदणी वा फुलाचा आकार द्यावा आणि तो तुरटीच्या दाट, गरम द्रावणात रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी त्यावर बारीक स्फटिकांचा लखलखीत थर दिसतो. रंगीत चांदणी हवी असल्यास रंगीत लोकर वापरावी. द्रावणात खाण्याचा रंग मिसळला तरी तुरटीचे स्फटिक तो फारसा सामावून घेत नाहीत.

मोरचूद मुलांच्या हाती नको

निळ्याशार स्फटिकांसाठी अनेकदा मोरचूद सुचवला जातो. संत्राबागांत बोर्डो मिश्रणासाठी तो लागत असल्याने विदर्भात सहज मिळतो. मात्र मोरचूद पोटात गेल्यास विषारी असून डोळ्यांनाही इजा करतो. त्याचे द्रावण सांडपाण्यात गेल्यास मासे आणि अन्य जलचरांना घातक ठरते. २०१७ च्या खरीप हंगामात फवारणीतील विषबाधेने जिल्ह्यातील अनेक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. शेतीची रसायने हाताळताना किती दक्षता हवी, याचा तो कठोर धडा होता. मोरचूद वेगळा आणि प्रयोग लहान असला, तरी सावधगिरी तीच हवी. घरी हा पदार्थ टाळावा. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावा. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये. रुग्णाला पाकिटासह तातडीने रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

तुरटी, टाकणखार किंवा खताच्या प्रयोगाची भांडीही वेगळी ठेवावीत आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत. बरणीवर नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. स्वच्छ दिसणारे द्रावण पाणी समजून प्यायले जाण्याचा धोका असतो.

जतन

तयार स्फटिक कोरड्या, मऊ कापडाने हलकेच टिपावा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तुरटीतील पाण्याचा अंश कमी होऊन पृष्ठभाग पांढरट पडतो. नखांना लावायच्या पारदर्शक पॉलिशचा पातळ थर दिल्यास चकाकी अधिक काळ टिकते. बिघडलेला स्फटिकही वाया जात नाही. तो गरम पाण्यात विरघळवून प्रयोग पुन्हा सुरू करता येतो.