शिंप्याची साखर

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले, की मला हल्ली एका शिंप्याची आठवण होते. घरची मुले हसतात. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

जॉन वुलमन (1720–1772) हा अमेरिकेतील न्यू जर्सीचा शिंपी, पंथाने क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा ख्रिस्ती पंथ निघाला. मौन ही त्यांची उपासना आणि प्रत्येकाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे ही श्रद्धा. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या घामातून येते, म्हणून वुलमनने ती सोडली. माझ्या तोंडच्या गोडव्याची किंमत दुसरा कोण भरतो, एवढाच त्याचा प्रश्न!

हा प्रश्न घेऊन क्वेकर आपल्याकडेही आले. मार्च 1930 मध्ये, मिठाच्या सत्याग्रहापूर्वी, गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे नेले ते रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण क्वेकराने. 1949 मध्ये मार्जरी साइक्सबाई आमच्या विदर्भात, सेवाग्रामला आल्या. सूत, शेती आणि सफाई यांतून विद्या देणाऱ्या नई तालीमचे शिक्षक त्यांनी तेथे घडविले. पुढे 2011 साली ब्रिटनच्या क्वेकरांनी कँटरबरीला संकल्प केला, की हवेत कर्बवायू कमी जाईल असे आपण सर्वांनी मिळून जगायचे. साखरेच्या जागी कोळसा आला. प्रश्न तोच राहिला.

आमच्या गोंदियात मला क्वेकर भेटला नाही, पण हा प्रश्न रोज भेटतो. कोहळी लोकांनी बांधलेल्या जुन्या तलावांवर येथील कित्येक बांध्यांत धान पिकते. याच जिल्ह्यात तिरोड्याला कोळशावर चालणारे 3300 मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. विजेवाचून माझेही चालत नाही. पण धुराने ऋतू बिघडले आणि पाऊस लांबला, म्हणजे रोवणी कोणाची खोळंबते? ज्याच्या घरी सर्वांत कमी दिवे, त्याची!

म्हणून यंदा आम्ही विजेच्या माळा निम्म्या केल्या, पणत्या वाढविल्या. अनारसे गावच्या तांदळाचे नि गुळाचे. धाकटा म्हणाला, “आजोबा, एवढ्याने काय होणार?”

मी त्याला सांगितले, “वुलमन गेल्यावर 61 वर्षांनी, 1833 साली, त्या मळ्यांतील गुलामगिरी उठविणारा ब्रिटिश कायदा झाला. तो दिवस त्याला दिसला नाही. साखर मात्र त्याने आधीच सोडली होती.”

पोराने एक माळ स्वतःहून काढली.