स्नोबोर्डिंग : वेगाआधी कडेची ओळख

काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्यात स्नोबोर्ड भाड्याने मिळतो. तो पायाला बांधताना नवशिक्याच्या मनात भीती असते ती वेगाची. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन दिवसांतील दुखापती बहुधा मंद गतीत, जवळजवळ सपाट जागी होतात आणि त्यांत मनगट मोडण्याचे प्रमाण मोठे असते.

याचे कारण बोर्डाच्या रचनेत आहे. बोर्डाच्या दोन्ही लांब बाजूंना पोलादी कडा असतात. स्कीइंगमध्ये पाय सुटे राहतात, हाती काठ्या असतात. येथे दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडलेले. उताराच्या वरच्या बाजूची कड बर्फात रुतली, की बोर्ड आवरता येतो. खालच्या बाजूची रुतली, तर बोर्ड जागीच अडतो आणि शरीर उताराकडे आपटते. तोल सावरायला हात आपोआप पुढे होतात, तेथेच घात होतो. म्हणून पडण्याचा सराव आधी करावा. पुढे पडताना मुठी वळून गुडघे व कोपरापर्यंतचा हात टेकवावा; मागे पडताना खाली बसत, हनुवटी छातीशी घेऊन पाठीवर लोळावे. हेल्मेट आणि मनगटरक्षक यांत काटकसर नको.

१९६५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकत्र जोडल्या. त्यातून विकसित झालेला हा खेळ १९९८ मध्ये नागानो येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

साधने घेताना पहिला प्रश्न, कोणता पाय पुढे? डावा पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत जाऊन घसरावे. जो पाय सहज पुढे जातो, तो बहुधा पुढचा. दुकानदार विचारतोच असे नाही, आपण सांगावे.

बोर्डापेक्षा बुटांकडे अधिक लक्ष द्यावे, असे आमचे मत आहे. सरळ उभे असता बोटे बुटाच्या टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवताच किंचित मागे यावीत. टाच उचलली जात असेल, तर बूट कितीही आरामदायक वाटो, तो बदलून घ्यावा. मोजे एकच जोडी. दोन जोड्यांनी ऊब वाढत नाही, पकड मात्र जाते. बोर्ड लवचीक असावा आणि उभा धरल्यास हनुवटी ते नाकाच्या दरम्यान पोहोचावा. मात्र उंचीपेक्षा वजनाचा हिशेब महत्त्वाचा. बूट बोर्डाला जखडणारी बाइंडिंग खांद्याएवढ्या अंतरावर असावीत. पुढचे सुमारे १५ अंश पुढे, मागचे ६ ते ९ अंश उलट दिशेला वळवले, की पावले बदकासारखी फाकतात आणि गुडघ्यांवर ताण कमी येतो. बुटाची टोके व टाचा दोन्ही कडांबाहेर सारख्याच डोकावतात ना, हेही पाहावे. बोर्डाला स्कीसारखा ब्रेक नसतो. बर्फावर ठेवताना तो उलटा ठेवावा, नाहीतर एकटाच खाली निघून जातो.

सुरुवात एक पाय मोकळा ठेवून सपाट जागी करावी. मग दोन्ही पाय बांधून, दरीकडे तोंड करून टाचेच्या कडेवर आडवे घसरत उतरावे. नंतर डोंगराकडे तोंड करून तेच चवड्यांच्या कडेवर. पुढे त्याच कडेवर राहून झाडाचे पान पडते तसे डावी-उजवीकडे झोके घेत उतरावे. हे साधल्याशिवाय वळणाचा हट्ट धरू नये. वळताना भीतीने शरीर मागे झुकते, पुढच्या पायावरील भार सुटतो आणि बोर्ड ऐकेनासा होतो. गुडघे वाकलेले, भार पुढच्या पायावर आणि नजर पायांकडे नव्हे, तर जायचे त्या दिशेला, एवढे जमले तर बोर्ड बराचसा आपणहून वळतो.

गुलमर्गमध्ये हे सारे सुमारे २,६५० मीटर उंचीवरील कुरणाच्या सौम्य उतारांवर शिकता येते. गोंडोलाचे तिकीट काढून थेट अफरवटवर, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचणे सोपे आहे, परंतु तेथील उतार तीव्र असून हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. दोन्ही कडांवर हवे तेथे थांबता येईपर्यंत नवशिक्याने बोर्ड घेऊन तिकडे जाऊ नये आणि नंतरही जाणकार वाटाड्याशिवाय नाही.